ताकिनचं नाक

दुपारच्या झोपेतून उदारामला जाग आली तेव्हा टीनाचा तळहात त्याच्या नाकासमोर होता. नाकाला लागत नव्हता, थोड्या अंतरावर अगदी स्थिर धरलेला होता. आजोबानं डोळे उघडले हे दिसताच तिनं हात मागं घेतला आणि फ्रॉकला पुसला.

"काय करून राहिली वो बाई?"

"काई नाई आबाजी. माशी होती."

माशी नव्हती. उदाराम उठून बसला. टीना अंगणात पळून गेली आणि कोंबड्यांच्या मागं लागल्याचं सोंग करू लागली.

असा हात कोणी आणि कधी धरला होता, ते त्याला लगेच आठवलं. मागच्या पौषात सुशिलाबाई याच ओसरीवर, याच खाटेवर पडली होती. तिचा श्वास इतका बारीक झाला होता की पाहून कळायचा नाही. मग उदाराम तिच्या नाकासमोर तळहात धरायचा. ऊब लागली की त्याचा स्वतःचा श्वास सुटायचा. एका सकाळी ऊब लागली नाही. त्यानं हात बदलून पाहिला. दोन्ही हात सारखेच थंड राहिले, म्हणून मग सुनेला हाक मारली.

तेव्हा टीना दाराच्या चौकटीला धरून उभी असायची. लेकरू बघतं आहे, हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

डिंपल, त्याची सून, चुलीपाशी तांदूळ निवडत होती. उदाराम तिथं जाऊन उभा राहिला.

"पोरगी माझ्या नाकापुढं हात धरून बसली होती."

"माझ्याजवळ बी करते मामाजी," डिंपल मान वर न करता म्हणाली. "रोजच. मी जागी असतो, पन झोपल्यासारखी पडून राहतो. पाहू द्या म्हटलं तिले."

"अन् फोन?"

"फोन नाईच घेत."

फोनची गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती. इंद्रकुमार, उदारामचा एकुलता एक मुलगा, पोकलेन चालवायचा. आधी रायपूरकडं कामाला होता, तेव्हा सणावाराला घरी यायचा. होळीनंतर ठेकेदारानं त्याला अरुणाचलात नेलं, सरहद्दीकडं डोंगर फोडून रस्ता काढायच्या कामावर. तिथून पहिला फोन आला तेव्हा तो हसत हसत म्हणाला होता, "टीना, इथं लय थंडी हाये वो!" आणि त्याच दमात खोकला होता. साधा खोकला, धुळीचा. पण टीनानं फोन खाली ठेवला तो ठेवलाच. त्यानंतर बापाचा आवाज आला की ती दाराआड जायची. ऐकायची सगळं. बोलायची नाही.

आजीच्या वेळी घरी जो यायचा तो हेच म्हणून जायचा, "थंडीनं नेली बाई." गोंदियाकडची पौषातली थंडी तशी नावाजलेलीच. उदारामही भेटायला येणाऱ्यांना तेच सांगायचा. आता बाप त्याहून मोठ्या थंडीत जाऊन बसला होता आणि तो खोकत होता. एवढ्याशा पोरीनं सरळ हिशेब मांडला होता.

खरं सांगायचं तर उदारामच्या मनातही तोच हिशेब होता. म्हणून तो मुलाला दर वेळी एकच गोष्ट सांगायचा, "ते काम सोड, घरी ये."

*

श्रावण अर्धा झाला होता. धानाची रोवणी उरकली होती. सालेकस्याकडचं जंगल हिरवंगार झालं होतं आणि लांब कचारगडाचा डोंगर ढगात बुडालेला असायचा. या दिवसांत उदारामच्या अंगणात दरवर्षी लाकडाच्या ढलप्यांचा ढीग पडायचा. तान्ह्या पोळ्यासाठी लहान मुलांचे लाकडी नंदी तो करायचा. मोठा पोळा खऱ्या बैलांचा, दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा लेकरांचा. चाकांवरचे नंदी सजवून मुलं देवळापुढं तोरणाखाली आणतात, मग घरोघर फिरतात आणि बोजारा म्हणून खाऊ नाहीतर पैसे मिळवतात. उदारामचा नंदी म्हटला की आसपासच्या गावांत मान होता. कोरायचा तो, रंगवायची सुशिलाबाई. डोळे तर तिनंच काढायचे. तिनं डोळे काढल्यावर नंदी बघायला लागतो, असं तो म्हणायचा.

या वर्षी त्यानं वाकस, पटाशी ही सुतारकामाची हत्यारं पोत्यात बांधून ठेवली होती. कोणी विचारलं तर "हात दुखते" म्हणायचा. लोक पुढं विचारायचे नाहीत.

टीनाच्या त्या तळहातानंतर दोन-चार दिवसांनी इंद्रकुमारनं एक व्हिडिओ पाठवला. सकाळच्या धुक्यात रस्ता फोडलेला दिसत होता, आणि कापलेल्या दरडीची माती चाटत एक जनावर उभं होतं. मोठं होतं, वासराहून मोठं. अंग पिवळसर तपकिरी, केसाळ. शिंगं बाजूला जाऊन मागं वळलेली. तोंड शेळीचं म्हणावं तर शेळीचं नाही, बैलाचं म्हणावं तर बैलाचं नाही. व्हिडिओत इंद्रकुमारचा दबका आवाज होता, "टीनाबाई, पाह्य. हा ताकिन हाये. हा इथंच राहते. बारा महिने."

टीना दाराआडून बाहेर आली. डिंपलच्या हातातल्या फोनवर तिनं तो व्हिडिओ पाहिला, मग पुन्हा पाहिला. बोटानं त्या जनावराच्या तोंडापुढून निघणारी वाफ दाखवली.

"श्वास घेऊन राहिला," ती म्हणाली.

उदाराम खाटेवरून हे पाहत होता. त्यानं कोपऱ्यातलं पोतं ओढलं आणि गाठ सोडली.

"मी करून देतो तुले," तो म्हणाला. "या तान्ह्या पोळ्याले नंदी नाई. तुझ्या पप्पाकडचा बैल."

*

पावसाळ्यात वाळलं लाकूड मिळणं मुश्किल. ओलं कोरलं की तडकतं. पण माळ्यावर शिवणीच्या झाडाचा एक ओंडका होता. मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यात सुशिलाबाईनंच तो वर टाकायला लावला होता, "पुढल्या सालच्या पोळ्याले होईल," म्हणून. उदारामनं तो खाली घेतला, धूळ पुसली आणि कामाला बसला.

नंदी करायची त्याची पद्धत ठरलेली होती. आधी तोंड पुरं करायचं, मग बाकीचं अंग. ही पद्धतही सुशिलाबाईमुळं पडली होती. तोंड झालं की ती डोळ्यांची जागा बघून ठेवायची. या वेळी बघायला ती नव्हती, पण हात जुन्याच वाटेनं गेला.

व्हिडिओ त्यानं डिंपलला पुन्हा लावायला सांगितला. शिंगं बघितली, कान बघितले. नाकापाशी मात्र तो थांबला. नाक फुगलेलं होतं. डोळ्यांच्या खालपासून तोंडापर्यंत कोणी आतून फुगा भरावा तसं. उदारामनं जन्मभर गुरं सांभाळली होती. असं सुजलेलं तोंड त्यानं गोठ्यात पाहिलं होतं आणि त्या गुरांचं पुढं काय झालं तेही पाहिलं होतं.

"याले घटसर्प झालं दिसते," तो स्वतःशीच म्हणाला. "बिचारं."

नातीला आजारी जनावर कोरून द्यायचं? त्यानं वाकस घेतली आणि सूज उतरवली. नाक सरळ, निमुळतं काढलं, चांगल्या जातीच्या बैलासारखं. एवढं साधलं तेव्हा हाताला चेव आला. पाठीवर वशिंडासाठी उंचवटा सोडला, लांब पायांच्या खुणा केल्या. तोंड तर इतकं सुरेख झालं की त्याला वाटलं, सुशिला असती तर तोंडाला पदर लावून हसली असती.

त्यानं टीनाला हाक मारली.

टीना आली. ओंडक्याच्या एका टोकाला कोरलेलं ते तोंड तिनं सगळीकडून पाहिलं.

"आबाजी, याचं नाक कुठं गेलं?"

"हे काय नाक."

"हे नाई. मोठं नाक होतं ना त्याचं."

"ते सुजलं होतं बाई. मी बरं केलं त्याले."

टीनाचा चेहरा उतरला. ती रडली असती तर उदारामला समजूत घालता आली असती. पण ती रडली नाही. मोठ्या माणसासारखी मान हलवून म्हणाली, "मंग आता तो थंडीनं मरते," आणि आत निघून गेली.

*

"मामाजी, तुमी त्या दिवशी बांधीत गेले होते," डिंपलनं संध्याकाळी सांगितलं. शेताला ती माणसं बांधी म्हणतात. "तेव्हा त्यांचा फोन आला होता. टीनानं आडून सगळं ऐकलं. त्या नाकाचीच गोष्ट होती."

"काय होती?"

"तुमीच इचारा न त्यायले."

टॉवर लागला की इंद्रकुमार स्वतः फोन करायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी लागला. उदारामनं फोन घेतला. नेहमीसारखं "घरी ये" जिभेवर आलंच होतं, पण त्याऐवजी त्यानं विचारलं, "त्या जनावराच्या नाकाले काय झालं हाये?"

बापानं इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिकडचं काही विचारलं होतं.

"काई नाई झालं बाबूजी. नाकच तसं हाये त्याचं. जंगलखात्याची मानसं आली होती, त्यायनं सांगितलं. आतून मोठ्या मोठ्या खोल्या असतात म्हनते. बाहेरची थंडगार हवा आत घेतली का आधी तिथं फिरते, गरम होते, मंगच छातीत जाते."

उदारामचा दुसरा हात आपोआप नाकाकडं गेला.

"बाबूजी? आयकून राहिले ना?"

"हो. अन् पाय? पाय कसे हाये त्याचे?"

"आखूड, जाडजूड. खुराच्या मागं नखी असते, ते दगडाले रोवते अन् चढते सरसर. शेपूट तर इवलीशी. अंग कसं आवरून घेतल्यावानी. आपन थंडीत गुडघे पोटाशी घेऊन निजतो ना, तसं. केस दोन थरांचे, आतले लोकरीवानी. अन् अंगाले तेल सुटते बाबूजी! हात लावला तर चिकट. इथं पाऊस अन् धुकं थांबतच नाई, पन पानी त्याच्या वरून निथळून जाते."

"अन् बर्फ पडल्यावर?"

"खाली उतरते. कळपच्या कळप खालच्या झाडीत येते. उन्हाळा लागला का परत वर."

"शाना हाये."

"लय शाना हाये."

"अन् तू?" उदारामनं विचारलं. "तू उतरते का खाली?"

"उतरतो ना. दिवाळीच्या आगंमागं वरचं काम बंद होते. सगळी मशीन खाली येते. मी तर मंडईच्या जत्रेले घरी येऊन राहिलो."

"हे तू आधी काऊन नाई सांगितलं?"

"तुमी इचारलं कुठं?" इंद्रकुमार हसला, पण ते हसू पुरतं हसू नव्हतं. "तुमी तर नुसतं म्हनता, घरी ये, घरी ये."

तो खोकला. उदारामनं कान देऊन ऐकलं. कोरडा खोकला होता, खडक फोडल्याच्या धुळीचा.

"तोंडाले फडका बांधत जा," तो म्हणाला. "थंडीचं सोड. धूळ वाईट."

फोन ठेवल्यावर त्याला सुशिलाबाईची मिल आठवली. सुशिलाबाई लग्न होऊन आली तेव्हापासून हंगामात राईस मिलवर जायची. संध्याकाळी घरी यायची तेव्हा भुवया तांदळाच्या कोंड्यानं पांढऱ्या झालेल्या असायच्या. डॉक्टरनं फोटो काढून स्पष्ट सांगितलं होतं की छाती आधीच कामातून गेली आहे, थंडी नुसतं निमित्त. ते त्यानं ऐकलं होतं. पण भेटायला आलेल्या माणसांना कोंड्याची गोष्ट कोण सांगत बसणार. थंडी म्हटलं की सगळे मान हलवायचे आणि चहा प्यायचे.

*

पोळा जवळ आला होता. दुसरं वाळलं लाकूड नव्हतं. नाकाला जोड देता आला असता, गोंद लावून खुंटी मारली असती तर कळलंही नसतं. पण उदारामच्या बापानं त्याला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली होती. पोळ्याचा नंदी एकाच लाकडाचा पाहिजे, जोड दिलेल्याला तोरणाखाली नेऊ नये. तो नियम त्यानं कधी मोडला नव्हता.

तो ओंडक्याभोवती फिरला. या टोकाला सुंदर, निमुळतं, निरुपयोगी तोंड. त्या टोकाला बैलाचा मागचा भाग, अजून नुसता ठोकळा, जाड आणि भरीव.

तो खाली बसला. ओंडका उचलला आणि फिरवून ठेवला.

टीना दारातून बघत होती.

"आबाजी, तुमी त्याले उलटा केला."

"हो. आता त्याचं बूड झालं तोंड. शेजारच्या गोवर्धनले नको सांगू, नाईतर जन्मभर चिडवन मले."

टीनाच्या तोंडाचा कोपरा जरा हलला.

वाकस चालू लागली. आता सूज उतरवायची नव्हती, सोडायची होती. बैलाच्या पुठ्ठ्यासाठी ठेवलेल्या लाकडातून मोठं फुगीर नाक निघालं. जुनं तोंड त्यानं करवतीनं कापून टाकलं आणि उरलेल्यातून बोटाएवढी शेपूट काढली. वशिंड आता भलत्या जागी आलं होतं, ते तासून काढलं. अंगाची लांबी कमी झाली. पायांना लांबी उरली नाही, म्हणून ते आखूड आणि जाड करावे लागले. चुकीमुळं जे जे कापावं लागलं त्यानं जनावर आणखी आटोपशीर होत गेलं. व्हिडिओतल्यासारखं होत गेलं. उदारामला याची गंमत वाटली, पण तो बोलला नाही, काम बिघडू नये म्हणून.

टीना आता त्याच्या गुडघ्याजवळ येऊन बसली होती. ढलप्या गोळा करत होती.

"आबाजी, तिथले डोंगर कचारगडाहून उंच हाये का?"

"लय उंच. कचारगड त्यायचं वासरू म्हनावं."

"मंग लय थंडी."

"लय."

मग ती एकदम म्हणाली, "आजीचं नाक बारीक होतं, ना?"

उदारामचा हात थांबला.

"आजी थंडीनं नाई गेली बाई," तो म्हणाला. "आजी मिलवर जात होती, आठवते? तांदळाचा कोंडा उडते तिथं. तो तिच्या छातीत बसला. लय वर्षं बसून राहिला. डॉक्टरनं फोटोत दाखवला मले."

"पन सगळे म्हने थंडीनं. तुमी बी म्हने."

"म्हटलं मी. तसं म्हनाले सोपं जाते."

टीनानं यावर विचार केला. ढलप्यांचा ढीग एका बाजूनं दुसऱ्या बाजूला केला.

"पप्पाच्या छातीत कोंडा हाये?"

"नाई. तुझा पप्पा कधी मिलवर गेलाच नाई. तिथं दगडाची धूळ उडते, त्याच्यानं खोकते तो. फडका बांध म्हटलं त्याले. अन् बर्फ पडला का तो बी ताकिनसारखा खाली उतरते. मंडईले घरी येते."

"खरं?"

"त्यानं मले सांगितलं. तू फोन घेतला असता तर तुले बी सांगितलं असतं."

ती ढलप्या वेचत तिथंच बसून राहिली.

नाकाला भोकं पाडायची वेळ आली तेव्हा उदारामनं लोखंडी सळई चुलीत लाल केली. नुसती वरवरची भोकं त्यानं पाडली नाहीत. सळई खोलवर फिरवली, आतून पोकळ केलं. लाकूड जळल्याचा वास अंगणभर पसरला. डिंपल बाहेर येऊन म्हणाली, "मामाजी, आतलं कोनाले दिसते?" आणि टीनानंच उत्तर दिलं, "आतूनच तर गरम होते न मम्मी!"

रंग लावायचा नाही असं त्यानं ठरवलं. त्याऐवजी टोरीचं तेल काढलं, मोहाच्या बियांचं. बाटली फळीवर मागं सरकली होती. हिवाळ्यात सुशिलाबाई ते कोमट करून छातीला आणि फाटलेल्या टाचांना लावायची. झाकण उघडल्यावर तोच वास आला. मग त्यानं फडक्यावर तेल घेतलं आणि जनावराच्या अंगावर चोळायला सुरुवात केली. शिवणीचं फिकट लाकूड हळूहळू पिवळसर तपकिरी होत गेलं. टीनानं लोट्यातलं पाणी वर ओतून पाहिलं. पाणी थांबलं नाही, थेंब होऊन घरंगळलं.

डोळे राहिले. त्याचा हात ब्रशकडं जाईना. शेवटी डिंपलनं काजळाची डबी आणली आणि काडीनं डोळे काढले. एक दुसऱ्याहून थोडा मोठा झाला.

"बिघडला का जी मामाजी?"

उदारामनं पाहिलं. "नाई," तो म्हणाला. "बघून राहिला तो."

*

तान्ह्या पोळ्याला पावसानं उघडीप दिली. मारुतीच्या देवळापुढं आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं आणि त्याखाली मुलांची रांग लागली होती. गोंदियाच्या बाजारातून आणलेले चमकणारे नंदी होते, उदारामनंच जुन्या वर्षांत केलेलेही काही होते. त्यांच्यात टीनाचा ताकिन ओळखीचा कोणी नसलेल्या पाहुण्यासारखा उभा होता, तेलानं चमकत, चाकं लावलेल्या आखूड पायांवर, नाक पुढं काढून.

गोवर्धननं तो लांबूनच हेरला. गोवर्धन उदारामच्या वयाचा, शेजारचा, आणि पोळ्यात झडती म्हणायचा मान त्याचा. झडती म्हणजे तोरणाखाली उभं राहून कोणाची तरी टोपी उडवणारं गाणं, जागच्या जागी जुळवलेलं. त्यानं गमछा डोक्याला बांधला, घसा साफ केला आणि सूर लावला:

"नाक ढब्बू, पाय ठेंगू, अंगावर तेल,
उदारामाच्या घरी बाप्पा गाढव झालं बैल!"

"हर हर महादेव!" सगळे ओरडले आणि हसले. मुलंही हसली. उदाराम मागं, बायकांच्या पलीकडं उभा होता. त्याला वाटलं आता पोरगी रडणार. तो पुढं निघाला, पण डिंपलनं त्याची बाही धरली. "थांबा जी."

टीना दोरी धरून उभी होती. तिचे कान लाल झाले होते.

"गाढव नोहे," ती म्हणाली. आवाज इतका बारीक होता की गोवर्धन वाकला.

"का म्हनते वो?"

"ताकिन हाये! बर्फाच्या डोंगरात राहते. नाकात त्याच्या खोल्या हाये. थंडी आत गेली का गरम होते. मंग छातीत जाते. बोट घालून पाहा!"

गोवर्धननं खरंच बोट घातलं. सळईनं केलेल्या पोकळीत ते पार आत गेलं. त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं.

"अबे उदाराम, हे तं आतून खरंच रिकामं हाये!" मग तो पुन्हा टीनाकडं वळला. थट्टा सोडायचा त्याचा विचार नव्हता. "पन बाई, पोळा तं राबनाऱ्याचा. हा तुझा ताकिन नांगराले जुपते का? गाडीले जुपते?"

"नाई जुपत. तो कोनाचाच नाई."

"मंग तोरनाखाली कसा चालन?"

टीनानं मागं वळून आजोबाला शोधलं. मग तिनं पुन्हा ताकिनकडं पाहिलं आणि सावकाश म्हणाली, "माझे पप्पा राबून राहिले तिथं. हा त्यायच्या जवळ राहते."

हसणं थांबलं. इंद्रकुमार कुठं आहे ते गावात सगळ्यांना माहीत होतं. गावातल्या अर्ध्या घरांतली मुलं अशीच कुठं ना कुठं लांब होती, कोणी नागपुरात, कोणी हैदराबादला. गोवर्धनचा स्वतःचा मुलगा पुण्यात ट्रक चालवत होता.

गोवर्धननं बोट नाकातून काढायला पाहिलं आणि ते अडकलं. त्यानं ओढलं, ताकिन चाकांवर त्याच्याकडं आला. पुन्हा ओढलं, पुन्हा आला. आता हसू फुटलं ते सगळ्यांचं होतं, टीनाचंही.

"सोड रे बाप्पा, सोड!" गोवर्धन ओरडत होता. "नेतो तुले तोरनाखाली, पन सोड!"

तसाच, बोट नाकात अडकलेला, वाकलेला, तो ताकिनला घेऊन तोरणाखालून गेला.

*

संध्याकाळी फोन वाजला तेव्हा टीना ओसरीवर बोजाऱ्याची चिवड्याची पाकिटं मांडत होती. डिंपल चुलीपाशी होती, उदाराम गुरांना चारा टाकत होता. दोघंही मुद्दाम फोनकडं गेली नाहीत.

फोन वाजत राहिला. मग थांबला. उदारामनं हातातली पेंढी खाली ठेवली. परत वाजला तेव्हा टीना उठली.

ती फोन कानाला लावून उभी राहिली. पलीकडून "हॅलो, हॅलो डिंपल?" येत होतं, ते गोठ्यापर्यंत ऐकू आलं.

"पप्पा," टीना म्हणाली, "तुमचं नाक किती मोठं हाये?"

पलीकडं इंद्रकुमार मोठ्यानं हसला. काय उत्तर दिलं ते उदारामला ऐकू आलं नाही. टीना मात्र बोलतच होती. फडका बांधला का. ताकिन रोज येते का. गोवर्धन आबाचं बोट साबण लावून काढावं लागलं. बर्फ पडायच्या आधी खाली उतरा, उशीर नका करू, ताकिन उतरला का त्याच्या मागंच उतरा.

उदारामनं पेंढी पुन्हा उचलली आणि सोडून बैलापुढं टाकली. बैल वास घेत पुढं आला. त्याच्या नाकपुड्यांतली गरम वाफ उदारामच्या मनगटाला लागली. त्यानं हात तिथंच राहू दिला.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर तो ओसरीवर खाटेवर आडवा झाला. झोप आली नव्हती, पण डोळे मिटून घेतले, आणि श्वास मोठा मोठा घेतला, पोरीला सहज लागावा असा. तळहात येईल म्हणून वाट पाहिली.

अंगणात चाकं वाजत होती. एक चाक जरा कुरकुरत होतं, त्याला तेल द्यायचं राहिलं होतं. आवाज विहिरीपर्यंत गेला, वळला, गोठ्यापाशी आला. टीना कोणाला तरी सांगत होती, "आता बर्फ पडला, चल खाली, चल." ओसरीकडं मात्र कोणी आलं नाही.

त्यानं एक डोळा उघडून पाहिलं, पुन्हा मिटला. त्याला जरा चुकल्यासारखं झालं, आणि बरंही वाटलं. चाक कुरकुरत लांब गेलं. उठून त्याला तेल द्यावं असं त्याच्या मनात आलं, पण तेवढ्यात त्याला खरीच झोप लागली.